फाटकातून आत काय येतं ते आधी बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी नीट वाचली. बीएएसएफ, सायनोपेक, डाऊ, सॅबिक, लिंडे, आयनिऑस अशी केमिकल कंपन्यांची नावं, पुढे प्रत्येकीची उलाढाल, आणि शेवटच्या रकान्यात ‘इथे कसं शिरायचं?’ हा प्रश्न. केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या गडबडीत एवढी माहिती गोळा केलीस, याचं मला खरंच कौतुक वाटलं. पण ही यादी तू उलाढालीच्या क्रमाने लावलीस आणि अर्जही त्याच क्रमाने करणार म्हणतेस, ते मला पटलं नाही. का पटलं नाही ते सविस्तर लिहितो.

‘केमिकल अँड इंजिनिअरिंग न्यूज’ हे अमेरिकन नियतकालिक दरवर्षी जगातल्या पन्नास मोठ्या केमिकल कंपन्यांची यादी छापतं. तिच्यात बरीच वर्षं बीएएसएफ पहिली आहे. यादी उपयोगाची आहे, पण ती नुसती विक्री मोजते. बीएएसएफची विक्री २०२२ मध्ये सुमारे ८७ अब्ज युरो होती, २०२३ मध्ये ती ६९ अब्जांच्या आसपास आली. मागणी मंदावली आणि मालाचे भाव उतरले, एवढ्यावर वर्षभरात १८ अब्ज युरो कमी झाले. आपल्या धंद्यात गॅस आणि तेल महागलं की मालाची किंमत वाढते आणि विक्रीचा आकडा फुगतो. त्या फुगवट्यात नफा असेलच असं नाही.

उलट लिंडे बघ. तिची विक्री बीएएसएफच्या निम्म्याहून कमी, पण शेअर बाजार तिची किंमत बीएएसएफच्या कैक पट करतो. ती विकते काय, तर ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन. पोलाद कारखान्याच्या किंवा रिफायनरीच्या कुंपणाला लागून स्वतःचा प्लांट उभा करायचा आणि पंधरा-वीस वर्षांचा करार करायचा. ग्राहकाने गॅस कमी उचलला तरी ठरलेली रक्कम त्याने द्यायची. कच्चा माल हवा, ती कुठल्या बंदरावर अडत नाही. विजेचा भाव करारातच ग्राहकावर टाकलेला असतो. तुझ्या यादीत ही कंपनी खाली कुठेतरी आहे.

म्हणून मी कंपनी बघताना आधी तिच्या फाटकाशी उभा राहतो. आत काय येतं, कुठून येतं, कशातून येतं आणि उद्या ते येईनासं झालं तर आतल्या लोकांचं काय होईल? हे कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं.

बीएएसएफवरच जरा रेंगाळतो, कारण दीडशे वर्षांचा सगळा धंदा त्या एका कंपनीत दिसतो. १८६५ मध्ये फ्रिडरिश एंगलहॉर्नने ती काढली. त्याचा मानहाइमला दगडी कोळशापासून दिव्यांचा गॅस करण्याचा कारखाना होता आणि त्यात डांबर उरायचं. त्या डांबरापासून रंग करता येतात हे तेव्हा नुकतंच लोकांना कळलं होतं. कारखाना उभा राहिला तो ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठावर, लुडविग्सहाफेनला. दुसऱ्याचा टाकाऊ माल हाच आपला कच्चा माल, हे त्या कंपनीच्या जन्मातच आहे.

पुढे त्यांनी नीळ करायचं मनावर घेतलं. सतरा-अठरा वर्षं आणि १ कोटी ८० लाख सोन्याचे मार्क घालून १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली. नॅफ्थॅलीनपासून थॅलिक अनहायड्राइड करण्याची पायरी बराच काळ अडली होती. एकदा भांड्यातला थर्मामीटर फुटला, पारा आत सांडला आणि तोच उत्प्रेरक ठरला. ही हकीगत लोक नशिबाची म्हणून सांगतात. मला ती वहीची वाटते. त्या दिवशी माल जास्त का निघाला हे कोणीतरी नोंदीतून शोधून काढलं, म्हणून आज ती आपल्याला माहीत आहे.

त्या निळीचा पुढचा भाग आपल्या देशात घडला. चंपारणमध्ये तीनकठिया चालायची. बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत कुळाने नीळ लावलीच पाहिजे. जर्मन निळीने भाव पाडले तसे मळेवाले साहेब कुळांना म्हणाले, नीळ लावू नका, पण त्या मोकळिकीबद्दल वाढीव सारा द्या, नाहीतर रोख ‘तावान’ भरा. ज्या शेतकऱ्याने लुडविग्सहाफेनचं नावही ऐकलं नव्हतं त्याच्या घरातली भांडी त्यापायी विकली गेली. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते याच प्रकरणात. तू उद्या एखाद्या रेणूचा स्वस्त मार्ग शोधशील तेव्हा त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे हे विचारत जा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता अमोनिया. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून तो थेंबाथेंबाने काढून दाखवला. आपल्याकडे शिकवताना आपण इथेच थांबतो, आणि इंजिनिअरचं काम इथून पुढे सुरू होतं. हाबरचा उत्प्रेरक ऑस्मियम, तो जगातच मूठभर. बीएएसएफच्या आल्विन मिटाशने हजारो चाचण्या करून लोखंडाचा उत्प्रेरक शोधला. आणि तिथल्याच कार्ल बॉशच्या वाट्याला आली ती ही विक्रिया जिच्यात घडवायची ती नळी. दाब दोनशे वातावरणांच्या घरात, तापमान पाचशे अंशांच्या वर. चाचणीचे रिअॅक्टर ऐंशीएक तास चालायचे आणि फुटायचे.

बॉशने फुटलेल्या नळीचे काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पोलादाचा कस त्यातल्या कार्बनमुळे असतो. तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्याच कार्बनशी संयोग पावत होता, मिथेन होत होता आणि भिंत आतून ठिसूळ पडत होती. भिंत जाड करून काही फरक पडला नसता. त्याने आतून मऊ लोखंडाचं अस्तर घातलं, ज्यात कार्बन जवळजवळ नाहीच. बाहेरून पोलादाचं कवच ठेवलं आणि त्या कवचाला बारीक भोकं पाडली. अस्तरातून झिरपलेला थोडासा हायड्रोजन दाब न साठता भोकांवाटे निघून जाऊ लागला. अस्तराने गॅस धरायचा, कवचाने दाब सोसायचा. सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाउचा प्लांट सुरू झाला. बॉश रसायनशास्त्राकडे वळण्याआधी धातुशास्त्र आणि यंत्रं शिकला होता. तुझ्या मार्कशीटवर मटेरिअल्सचा पेपर सर्वांत कमी गुणांचा आहे आणि तू तो ‘स्कोअरिंग नाही’ म्हणून सोडून दिलास, हे मला ठाऊक आहे. तो परत उघड.

याच कंपनीचं काळं पानही वाचलंच पाहिजे. १९२५ मध्ये बीएएसएफ, बायर, होक्स्ट वगैरे मिळून आय. जी. फार्बेन झाली. हिटलरच्या काळात तिने आउशवित्झला कारखाना काढला आणि छळछावणीतल्या कैद्यांना मरेपर्यंत राबवलं. न्युरेम्बर्गला तिच्या २३ अधिकाऱ्यांवर खटला चालला, १३ दोषी ठरले. त्यांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. युद्धानंतर ती मोडून पुन्हा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या.

आज लुडविग्सहाफेनचा कारखाना दहा चौरस किलोमीटरवर आहे. आत दोनशेच्या आसपास प्लांट आणि अडीच हजार किलोमीटरहून जास्त पाइपलाइन. एकाचा जोडपदार्थ दुसऱ्याचा कच्चा माल, एकाची उष्णता दुसऱ्याची वाफ. या जोडणीला ते ‘फेरबुंड’ म्हणतात. एकत्र कुटुंबासारखं आहे ते, खर्च वाचतो पण एकाचं दुखणं सगळ्यांना लागतं. २०१८ च्या उन्हाळ्यात पाऊस झाला नाही, ऱ्हाइनचं पाणी उतरलं आणि बार्जेस भरून येईनात. त्या एका कोरड्या हंगामाने कंपनीला सुमारे २५ कोटी युरोंचा फटका दिला. नंतर त्यांनी कमी पाण्यात चालणारं खास जहाज बांधून घेतलं. मग २०२२ आलं, रशियाचा स्वस्त गॅस बंद झाला. अब्जाहून जास्त युरो घालून उभारलेला, दहा वर्षंही न झालेला टीडीआयचा (फोमसाठी लागणाऱ्या रसायनाचा) प्लांट बंद करत असल्याचं त्यांनी २०२३ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, सोबत दोनपैकी एक अमोनिया प्लांटही. त्याच सुमाराला चीनमध्ये ग्वांगडाँग प्रांतातल्या झानजियांगला दहा अब्ज युरोंपर्यंतच्या नव्या संकुलाचं काम चालू होतं. नाव एकच, पण लुडविग्सहाफेनच्या अमोनिया प्लांटवरचा इंजिनिअर आणि झानजियांगच्या क्रॅकरवरचा (गॅस किंवा नॅफ्था फोडून इथिलीन करणाऱ्या प्लांटवरचा) इंजिनिअर यांचं भवितव्य एक नाही. म्हणून ‘बीएएसएफ कशी आहे?’ असं विचारू नकोस. कुठली साइट, कुठला प्लांट, कशावर चालतो, असं विचार.

कच्च्या मालाचं हे गणित समजायला लांब जायला नको. मुंबई-गोवा रस्त्याला नागोठण्याचं पेट्रोकेमिकल संकुल लागतं. ते आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने उभारलं ते मुंबई हायच्या गॅसवर. उरणला गॅसमधून इथेन-प्रोपेन वेगळं काढायचं आणि नागोठण्याला फोडून इथिलीन, म्हणजे प्लास्टिकचा मूळ माल, करायचं. आता ते रिलायन्सकडे आहे आणि अमेरिकेतून जहाजाने दहेजला उतरलेलं इथेन पाइपलाइनने तिथवर येतं. अमेरिकेत शेल गॅसमुळे इथेन इतकं स्वस्त झालं की शून्याखाली नव्वद अंशांपर्यंत थंड करून अर्ध्या जगाच्या पलीकडे आणणं परवडतं. इथेन फोडलं की ऐंशी टक्क्यांच्या आसपास इथिलीन मिळतं. कच्च्या तेलातून निघणारा नॅफ्था फोडला की इथिलीन जेमतेम तीस टक्के, पण सोबत प्रोपिलीन, ब्युटाडाईन, बेंझीन येतं. युरोप आणि जपानचे जुने क्रॅकर बहुतेक नॅफ्थावर, आखाताचे आणि अमेरिकेचे मुख्यतः इथेनवर. कोण टिकणार हा वाद घालणाऱ्यांपुढे हे दोन आकडे ठेव, वाद निम्म्यावर येईल.

सॅबिक या हिशेबातूनच जन्माला आली. सौदी तेलविहिरींतून तेलासोबत निघणारा गॅस नुसता जाळला जायचा. १९७६ मध्ये राजाज्ञेने कंपनी स्थापन झाली आणि जुबैलला त्या गॅसवर प्लांट उभे राहिले. २०२० मध्ये सौदी अरामकोने तिचा ७० टक्के हिस्सा ६९ अब्ज डॉलरला घेतला. तेल काढणाऱ्यांनाच आता रसायनं हवी आहेत, कारण पेट्रोलचा खप कायम राहील याची त्यांना खात्री नाही.

तुझ्या यादीत वानह्वा नाही, ती घाल. यानताई शहरात कृत्रिम चामड्याच्या कारखान्यापासून ती सुरू झाली. बुटांच्या सोलपासून फ्रिजच्या फोमपर्यंत लागणारं एमडीआय बनवायचं तंत्र परदेशी कंपन्यांनी द्यायचं नाकारलं, तेव्हा त्यांनी ते स्वतः बसवलं. आज जगात सर्वांत जास्त एमडीआय तीच बनवते. जगातल्या रसायनांच्या विक्रीत चीनचा वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त आहे. त्यामागे स्वस्त मजूर आहेत असं म्हणून आपण समाधान करून घेतो, ते चूक आहे. तंत्र मिळेना म्हणून वर्षानुवर्षं एकाच विक्रियेच्या मागे लागलेले लोक त्यामागे आहेत. आपल्याकडेही माटुंग्याच्या यूडीसीटीत (आताच्या आयसीटीत) शिकलेल्या केकी घरडांनी साठच्या दशकात डोंबिवलीतून असंच काम उभं केलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याला गेलीस तर त्याचा पुढचा पसारा दिसेल.

एक सावधगिरी नावांबद्दल. तुझ्या वडिलांच्या पिढीत आयसीआय या ब्रिटिश कंपनीचं नाव नोकरीची हमी वाटायचं. पॉलिथिन सापडलं ते १९३३ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत. २००८ मध्ये अॅक्झोनोबेलने उरलीसुरली कंपनी विकत घेतली आणि आज ते नाव रंगाच्या डब्यापुरतं आहे. डाऊ आणि ड्यूपाँट २०१७ मध्ये एक झाल्या आणि २०१९ पर्यंत तीन झाल्या. आयनिऑस तर १९९८ पासून इतरांनी नको म्हणून विकलेले प्लांट घेतच मोठी झाली. पाटी बदलते, पण डिस्टिलेशन कॉलम तिथेच असतो आणि तो चालवणाऱ्याची गरज नव्या मालकालाही असते. तुझं शिक्षण कॉलमशी बांध.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो ते. ओपाउच्या त्याच कारखान्यात २१ सप्टेंबर १९२१ ला खताचं कोठार उडालं, पाचशेहून जास्त माणसं गेली. अमोनियम सल्फेट आणि नायट्रेटचं मिश्रण घट्ट झालं की लहान सुरुंग लावून ते मोकळं करायची तिथली रीत होती. असंख्य वेळा केलेलं, कधी काही न झालेलं काम. १७ ऑक्टोबर २०१६ ला लुडविग्सहाफेनच्या बंदरावर ठेकेदाराच्या माणसाने कटर लावला तो चुकीच्या पाइपला. पाच जण गेले, त्यांत कंपनीचे चार अग्निशामक होते. जगातली पहिल्या क्रमांकाची कंपनी, सगळ्या पद्धती लिहिलेल्या, आणि शेजारी शेजारी दोन सारख्या दिसणाऱ्या लाइन.

भोपाळबद्दल तू वाचलं आहेसच. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, चाळीस टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट तापत गेलं. ते थंड ठेवणारी यंत्रणा बंद केलेली होती, सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरची लाइन दुरुस्तीसाठी काढलेली होती. मिथाइल आयसोसायनेट हे विकायचं उत्पादन नव्हतं, कार्बारिल हे कीटकनाशक करण्याच्या वाटेवरचा एक मधला पदार्थ होता. तो एवढा साठवून ठेवायची गरज काय होती, हा प्रश्न मला आजही झोपू देत नाही. आयसीआयमध्ये सुरक्षेचं काम केलेले ट्रेव्हर क्लेट्झ सत्तरच्या दशकातच सांगत होते की धोक्याचा माल साठवूच नका, म्हणजे तो गळण्याचा प्रश्न येत नाही. डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ अशा दोन मोठ्या स्फोटांत दर वेळी दहाहून जास्त माणसं मेली. जागतिक कंपनी असो की एमआयडीसीतला शेड, मरणारा बहुतेक वेळा ठेकेदाराचाच माणूस असतो किंवा कुंपणाबाहेर राहणारा.

म्हणून उद्या कुठेही लागलीस तरी हॉट वर्क परमिटवर (कापण्या-जोडण्यासारख्या ठिणगीच्या कामाच्या परवान्यावर) सही करण्याआधी ती लाइन स्वतः पायी ट्रेस कर. पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचा नकाशा) हातात घे, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल, व्हॉल्व्हला हात लाव, लाइन बंद करणारी चकती, म्हणजे ब्लाइंड, कुठे टाकलंय ते डोळ्यांनी बघ, आणि जिथे कापायचं तिथे स्वतः खूण कर. शिफ्ट बदलत असेल तर पुढच्या माणसाला जागेवर नेऊन दाखव, नुसतं लॉगबुकात लिहून निघू नकोस. घाई करणारा वरिष्ठ रागावेल. रागावू दे.

आणि सगळे धोके असे आवाज करून येत नाहीत. ड्यूपाँटच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या प्लांटमधून टेफ्लॉनसाठी लागणारं पीएफओए हे रसायन वर्षानुवर्षं लोकांच्या पिण्याच्या पाण्यात जात राहिलं. २०१७ मध्ये साडेतीन हजारांवर दावे ६७ कोटी डॉलरला मिटले. थ्रीएम या अमेरिकन कंपनीने याच वर्गातल्या रसायनांपायी २०२३ मध्ये पाणीपुरवठा संस्थांना दहा अब्ज डॉलरहून जास्त द्यायचं कबूल केलं. कंपनीचा वार्षिक अहवाल उघडलास की अध्यक्षांचं निवेदन सोड आणि मागच्या टिपांमध्ये कोर्टातले दावे आणि पर्यावरणासाठीच्या तरतुदी काढून वाच. मुलाखतीत ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतील तेव्हा विचार की गेल्या वर्षी इथे काम थांबवण्याचा अधिकार किती जणांनी वापरला. उत्तर देणारा अडखळतो का ते बघ.

तुझ्यापुरतं सांगायचं तर परदेशी मास्टर्सला माझी ना नाही, पण आधी दोन वर्षं प्लांटवर काढ. मुलगी म्हणून तुला प्लॅनिंगच्या टेबलावर बसवायला बघतील, चांगल्या मनाने बसवतील. तरी शिफ्ट मागून घे, स्टार्टअप आणि शटडाउन दोन्ही मागून घे. प्लांट चालू असताना सगळे सारखेच हुशार दिसतात. बंद पडलेला प्लांट पुन्हा उभा करताना किती शिकायला मिळतं ते कळेल. बीएएसएफच हवी असेल तर नवी मुंबईत त्यांचं संशोधन केंद्र आहे, पण मी तुझ्या जागी असतो तर आधी एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीत गेलो असतो, जिथे नायट्रेशन किंवा हायड्रोजनेशन होतं आणि जिथे तीस वर्षं तोच रिअॅक्टर चालवणारा ऑपरेटर अजून कामावर आहे. त्याच्याशेजारी बस. नाइट शिफ्टला त्याला चहा पाज.

यादी नव्याने कर. या वेळी कंपनीऐवजी साइटची नावं लिही, प्रत्येकीपुढे कच्चा माल, तो कुठून आणि कशातून येतो, आणि ती साइट गेल्या दहा वर्षांत कुठल्या दुर्घटनेसाठी बातमीत आली होती का ते. दहा नकोत, चार पुरेत. आणि बायोडाटा परत पाठवताना तुझ्या प्रोजेक्टचा मास बॅलन्स जोड. मागच्या खेपेला आत जाणारे आणि बाहेर पडणारे किलो जुळत नव्हते.

तुझे,
सर